पांढरी स्कॉर्पिओ मॅट काळी केली, तर विकताना किती फटका बसेल?

प्रश्न थोडक्यात असा: २०१८ ची पांढरी स्कॉर्पिओ आहे. पहिल्या मालकाकडेच आहे, ७२ हजार किलोमीटर झालेत, कुठे ठोकलेली नाही. मालकांना ती मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, काळ्या रंगात करून हवी आहे. दोन-तीन वर्षं हौसेनं वापरायची आणि मग विकायची असा विचार आहे. रंग बदलल्यानं किंमत पडते का, आणि पडत असेल तर किती?

पडते. किती पडते हे रंगापेक्षा तुम्ही काम कसं करता आणि मागे काय जपून ठेवता यावर ठरतं.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात नऊ वर्षं पेंटिंगच्या शेडमध्ये काम केलं, सुरुवात पॉलिश पेपर मारण्यापासून, म्हणजे जुना रंग घासण्यापासून. त्यानंतर गेली सतरा वर्षं जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतोय. गाडीला रंग देणारा तिच्याकडे कसा बघतो आणि विकत घेणारा कसा बघतो, हे दोन्ही मला ठाऊक आहे, म्हणून आधी आकडाच सांगतो. तुमची गाडी आज आहे तशी माझ्याकडे आली आणि समजा आठ लाखांना सौदा ठरला. तीच गाडी मॅट काळी होऊन आली, आर.सी.वर नव्या रंगाची नोंद असली, कामाची बिलं आणि फोटो सोबत असले, तर मी साडेसात धरीन. नोंद नसेल, फोटो नसतील, तर साडेसहाच्या वर जाणार नाही, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा अशी गाडी मी सोडून देतो. शिवाय स्कॉर्पिओएवढ्या गाडीचा रंग नीट बदलायचा तर लाख-सव्वा लाख रुपये लागतात. त्यातला एक रुपयाही विकताना परत मिळत नाही. तो हौसेचा खर्च समजायचा.

आता हा फटका का बसतो, ते सांगतो. लोकांना वाटतं की गिऱ्हाइकाला काळा रंग आवडत नाही म्हणून भाव पडतो. तसंही थोडं असतं. आमच्या भागात काही घरांत पहिली गाडी काळी नको म्हणतात, आणि पांढरी स्कॉर्पिओ तर सरपंचापासून कंत्राटदारापर्यंत सगळ्यांना चालते. पण आवडीनिवडीनं पाच-दहा हजारांचा फरक पडतो. मोठा फरक पडतो तो संशयानं. कंपनीतून आलेला रंग हा गाडीच्या आयुष्याचा पुरावा असतो. दार कधी बदललं, मडगार्ड कधी ठोकलं, बॉनेट कधी उघडून काढलं, हे सगळं त्या रंगावर वाचता येतं. तुम्ही संपूर्ण गाडी रंगवली की हा पुरावा एका फटक्यात पुसला जातो. तुमच्या मनात काही लपवायचं नसतं, पण घेणाऱ्याला ते कसं कळणार?

कोल्हापूर-सांगलीत तर हा संशय दुप्पट आहे, आणि त्याला कारण आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगा-कृष्णेच्या महापुरात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या काही स्वस्तात उचलून, पूर्ण खोलून, धुऊन, रंगवून बाजारात आल्या. त्या काळात ज्यांनी हात पोळून घेतले, ते आज पूर्ण रंगवलेली गाडी दिसली की आधी सीटखालचा गालिचा उचलतात, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाचा डाग आहे का बघतात. तुमची गाडी २०१८ ची आहे, म्हणजे दोन्ही पूर तिनं पाहिलेत. हौस म्हणून रंगवली हे तुमचं सांगणं खरं असलं तरी घेणारा ते पहिल्यांदा ऐकत नसतो. पूर्वी ज्याच्याकडून फसला, त्यानंही तेच सांगितलेलं असतं.

संशय मोजायचं साधनही आता प्रत्येकाच्या हातात आलंय. पूर्वी आम्ही बोटाच्या नखानं, नाण्यानं वाजवून, उन्हात तिरकं बघून ओळखायचो. आता रंगाच्या थराची जाडी मोजणारा मायक्रॉन मीटर दोन-चार हजारांत मिळतो. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, छतावर आणि दारावर थोडा फरक असतो. त्यावर बाहेरचा प्रायमर (रंगाखालचं अस्तर), रंग आणि लॅकर (वरचा पारदर्शक थर) चढला की आकडा २२० ते ३०० च्या घरात जातो. खाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली असेल तर ५०० च्या पुढे, कधी हजाराच्याही वर. प्लॅस्टिकच्या बंपरवर हा साधा मीटर चालत नाही, तिथे अजून नजरच लागते. गाड्या घेणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांची माणसं हाच मीटर घेऊन येतात आणि प्रत्येक पॅनेलपुढे ‘रिपेंट’ अशी नोंद करतात. छत, चारही दारं, बॉनेट, डिकी, दोन्ही मडगार्ड, सगळ्यांपुढे तीच नोंद झाली की मोबाईलवर जो भाव येतो तो बघून मालक चिडतात. त्या हिशेबात हौसेनं रंगवलेली आणि ठोकून रंगवलेली गाडी एकच असते.

आणि यात एक पेच आहे, जो रंगवणारे सहसा सांगत नाहीत. रंग बदलायचे दोन मार्ग. स्वस्तातला म्हणजे गाडी आहे तशी मास्किंग करून, म्हणजे काचा-दिवे कागद-टेपनं झाकून, बाहेरून फवारणी. दार उघडलं की आत पांढरं, बाहेर काळं. बॉनेट उघडलं की इंजिनाभोवती पांढरं. पेट्रोल-डिझेलच्या झाकणाच्या आत पांढरं. रबराच्या बीडिंगखाली रंगाची कड दिसते, आणि वर्षभरात तिथूनच पापुद्रा सुटायला लागतो. दुसरा, चांगला मार्ग म्हणजे दारं, बॉनेट, डिकी उतरवायची, काचा काढायच्या, दिवे, हँडल, बीडिंग सगळं बाजूला करायचं आणि आतल्या कडांसकट रंगवायचं. दिसायला हे काम सुंदर होतं. पण दार उतरवलं की बिजागरीच्या बोल्टवरचा कंपनीचा रंग तुटतो, बॉनेटच्या बोल्टच्या डोक्यावर पान्याच्या खुणा पडतात. अपघातातली गाडी ओळखताना आम्ही नेमक्या याच खुणा शोधतो. म्हणजे काम जितकं चांगलं, तितकी गाडी ठोकलेल्या गाडीसारखी दिसते! म्हणून रंगकामाआधी आणि दरम्यान जी कागदपत्रं तुम्ही तयार कराल, त्यांना रंगाइतकंच महत्त्व आहे.

ती कशी करायची ते सांगतो, कारण यातच तुमचा लाखभर रुपयांचा फरक आहे. गॅरेजला गाडी लावण्याआधी सगळ्या पॅनेलवर मायक्रॉन मीटर लावून घ्या, आणि आकडा दिसेल असा मीटरसकट फोटो काढा. छतावर, चारही पिलरवर, दारांवर, मडगार्डवर, डिकीवर. शेवटी ओडोमीटर आणि नंबर प्लेट एकाच व्हिडिओत घ्या. बॉनेटखालच्या दोन्ही एप्रनवर, म्हणजे इंजिनाच्या दोन बाजूंच्या आतल्या पत्र्यांवर, कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके असतात, त्यांचे जवळून फोटो घ्या. दाराच्या खालच्या कडेला कंपनीनं भरलेल्या सीलंटची सरळ रेघ असते, तिचाही. गाडीच्या प्लेटवर किंवा स्टिकरवर रंगाचा मूळ कोड असतो, तो फोटोत यायला हवा आणि रंगवताना त्यावर मास्किंग राहायला हवं. चेसिस नंबरवर चुकूनही रंगाचा थर जाऊ देऊ नका. पेपर मारून झाल्यावर, प्रायमरच्या आधी, प्रत्येक पॅनेल उघडं असताना फोटो घ्या. कुठे लांबी आहे की नाही हे त्या एका टप्प्यावरच स्वच्छ दिसतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरचा जुना इतिहास छापून घ्या. कुठल्या तारखेला, किती किलोमीटरवर, कसलं काम, आणि बॉडीचं काम त्यात नाही हे त्यातून कळतं. मला कुणी अशी फाइल दाखवली तर मी गाडीकडे वेगळ्या नजरेनं बघतो. असं माझ्याकडे फार थोड्या वेळा घडलंय, आणि ज्यांनी ती दाखवली त्यांना मी घासाघीस न करता भाव दिलाय.

आर.सी.चं आता. रंग हा आर.सी.वरचा तपशील आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा गाभा असा की गाडीत बदल केला तर नोंदणीतला तपशील आणि प्रत्यक्ष गाडी यांचा मेळ राहायला हवा. त्यामुळे आधी आरटीओकडे अर्ज करा, गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र जोडा, विमा आणि पीयूसी चालू ठेवा, आणि काम झाल्यावर गाडी दाखवून नवा रंग नोंदवून घ्या. एजंट म्हणेल, ‘रंगाचं कोण बघतंय साहेब!’ रस्त्यावर कदाचित कुणी बघणार नाही. पण विकताना बघणारे तीन जण असतात. घेणाऱ्याला कर्ज देणाऱ्या बँकेचा माणूस आर.सी. हातात धरून गाडी तपासतो. विम्याचा सर्व्हेअर क्लेमच्या वेळी तेच करतो. आणि नाक्यावरचा पोलीस, ज्याला आर.सी.वर पांढरी आणि समोर काळी स्कॉर्पिओ दिसते, तो चोरीच्या गाडीचा विचार आधी करतो. जुन्या गाडीचे बरेचसे सौदे कर्जावर होतात. बँकेनं नकार दिला की गिऱ्हाईक विसार परत मागतं, आणि गाडी पुन्हा तुमच्या दारात. रंगाची नोंद झाली की विमा कंपनीलाही लेखी कळवून पॉलिसीत बदल करून घ्या.

याच ओघात एक गोष्ट. आमच्या जिल्ह्यात गावागावांत फौजेतून निवृत्त झालेली माणसं आहेत. काही वर्षांपूर्वी असेच एक सुभेदार माझ्याकडे आले, जीप घेऊन. त्यांना ती लष्करी हिरव्या रंगात हवी होती, चोवीस वर्षं ज्या रंगाच्या गाडीतून फिरले त्या रंगात. मला त्यांना नाही म्हणावं लागलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ प्रमाणे तो ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुणालाही लावता येत नाही. ते काही न बोलता जीपच्या बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले, ते अजून आठवतं. शेवटी गडद निळ्या रंगात केली. आजही ‘आर्मी ग्रीन’ करून द्या म्हणून तरुण मुलं येतात. काही गॅरेजवाले करूनही देतात. अशी गाडी विकायला काढली की कागदोपत्री ती अडतेच, आणि रंग पुन्हा बदलायचा खर्च माथी येतो.

मॅटबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या वापराला तो रंग सोसणार नाही. चकचकीत रंगावर बारीक ओरखडा आला तर आपण पॉलिश करून, बफिंग करून काढतो, कारण लॅकरचा वरचा थर किंचित घासला की तो पुन्हा सपाट होतो. मॅट लॅकरमध्ये चमक मारणारी पूड असते. त्याचा पृष्ठभागच मुद्दाम खडबडीत ठेवलेला असतो. तिथे बफ लावलात की तेवढाच डाग चमकायला लागतो. म्हणजे एका दारावर ओरखडा आला की पूर्ण दार पुन्हा मारायचं, आणि तरीही शेजारच्या पॅनेलशी चमक जुळेलच असं नाही. त्यात आपला भाग. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखाने सुरू झाले की धुराड्यातली काजळी गाडीवर बसते, उसाच्या ट्रॉलीशेजारून जाताना पाचट घासतं, आणि पावसाळ्यात राधानगरी-गगनबावड्याकडे गेलात तर लाल चिखल. ज्या पोरानं रोज फडक्यानं कोरडी गाडी पुसायची, त्याला मॅट कसं पुसायचं हे शिकवावं लागतं. दोन वर्षांनी दरवाजाच्या हँडलभोवती आणि बॉनेटच्या कडेला तुकतुकीत पट्टे दिसतात. विकायला आणलेल्या मॅट गाड्यांपैकी जवळपास सगळ्यांवर मी हे पाहिलंय. काळाच हवा असेल तर चकचकीत काळा घ्या, तोही कंपनीच्या यादीतला. स्कॉर्पिओ काळ्या रंगात कंपनीतूनच यायची, तोच कोड वापरला तर पुढच्या मालकाला टचअपचा रंग सहज मिळतो. मनानं बनवलेल्या रंगाला कोड नसतो. मिक्सिंगवाल्याकडून कुठला रंग किती ग्रॅम घातला त्याची चिठ्ठी घ्यावी लागते आणि फवारून वाळवलेली एक पट्टी जपून ठेवावी लागते. चिठ्ठी हरवली की पुढच्या ठोकरीला एक मडगार्ड जुळवताना तीन गॅरेज फिरावं लागतं.

आणखी एक गोष्ट जी गॅरेजच्या बोर्डावर लिहिलेली नसते. ‘भट्टीत भाजलेला रंग’ असं सगळे म्हणतात. कंपनीत नुसता लोखंडी सांगाडा असताना तो रसायनात बुडवून त्यावर विजेच्या साहाय्यानं गंजरोधक थर चढवतात, आणि वरचा रंग १४० अंशांच्या आसपास भाजतात. आपल्याकडे येते ती तयार गाडी, आत वायरिंग, रबर, प्लॅस्टिक, डॅशबोर्ड. तिला एवढं तापवता येत नाही. बूथमध्ये ६० अंशांच्या आसपास अर्धा-पाऊण तास ठेवतात आणि बाकीचं काम हार्डनर, म्हणजे रंगात मिसळलेलं घट्ट करणारं रसायन, करतो. चांगल्या टू-के (हार्डनर मिसळून वापरायच्या) मालानं आणि निगुतीनं केलेलं काम आठ-दहा वर्षं टिकतं, मी टिकवलेलं आहे. पण तो कंपनीचा रंग नव्हे. म्हणून धडधाकट सात वर्षांच्या कंपनी रंगावर पेपर मारताना माझा हात आजही जड होतो.

मग हौस मारायची का? नाही. तुमच्यासारख्याला मी रॅपिंग सुचवतो. मॅट काळी व्हिनिल फिल्म अंगभर चढवा. खाली कंपनीचा पांढरा रंग जसाच्या तसा राहतो, आणि विकायच्या आधी फिल्म काढली की गाडी पुन्हा आठ लाखांची. तुमच्या गाडीला चांगल्या फिल्मचं काम रंगापेक्षा थोडं स्वस्तच पडेल. मात्र काही गोष्टी सांभाळा. फिल्ममुळेही गाडीचा दिसणारा रंग बदलतोच, तेव्हा आर.सी.च्या नोंदीचं आधी सांगितलं ते इथेही लागू आहे. फिल्म लावणारा गाडीवरच ब्लेड चालवून कडा कापत असेल तर त्याला थांबवा, कारण फिल्म काढल्यावर खाली रंगात कापल्याच्या रेघा निघतात. दोऱ्याची टेप फिल्मखाली लावून, ब्लेडऐवजी तो दोरा ओढून कापणारा कारागीर शोधा. आधी बाहेर रंगवलेलं एखादं पॅनेल असेल तर फिल्म ओढताना तिथला रंग निघून येऊ शकतो, ते आधीच सांगा. स्वस्त फिल्म उन्हात वाळून तुकड्या-तुकड्यानं निघते आणि गोंद मागे राहतो. छत आणि बॉनेट आधी जातात. आपल्या उन्हात तीन-चार वर्षांच्या पुढे ती ठेवू नका. तुमचा बेत दोन-तीन वर्षांचाच आहे, म्हणजे हिशेब जुळतो.

रंग बदलल्यानं भाव न पडणाऱ्या गाड्याही असतात, त्याही सांगून टाकतो. बारा-चौदा वर्षांची, उन्हानं लॅकर उडालेली लाल गाडी असेल तर तिला मूळ रंगातच पुन्हा रंगवून विकणं फायद्याचं. तिथे घेणारा रंगाचा पुरावा शोधतच नाही, तो इंजिन आणि चेसिस बघतो. जुन्या जीप, पद्मिनी, अँबेसेडर अशा हौशी गाड्यांत सुरेख काम केलेला रंग उलट किंमत वाढवतो, कारण तिथे खोलून बांधलेली गाडी हेच तिचं मोल असतं. मालवाहू टेम्पोच्या रंगाला कुणी विचारत नाही. याउलट सर्वांत वाईट प्रकार म्हणजे पांढरी गाडी दुसऱ्या रंगात. बहुतेक टुरिस्ट गाड्या पांढऱ्या असतात, त्यामुळे पांढरीचा रंग बदललेला दिसला की ‘पिवळ्या नंबर प्लेटची होती का?’ हा प्रश्न ठरलेला. तुमची गाडी याच प्रकारात मोडते. ती पहिल्यापासून खासगी होती हे आर.सी. आणि जुन्या विम्याच्या प्रतींवरून दाखवता येईल, म्हणून त्या प्रती फेकू नका.

एवढं करूनही रंगच द्यायचा ठरवलात तर पावसाळ्यात देऊ नका. कोल्हापूरच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत इतकी ओल असते की फवारणीच्या हवेतून पाण्याचा अंश रंगात शिरतो, कॉम्प्रेसरला कितीही फिल्टर लावा. लॅकर पांढुरका पडतो किंवा पाच-सहा महिन्यांनी बारीक फोड येतात, आणि काळ्या रंगावर ते लांबून दिसतात. दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, गॅरेजवाल्याला पंधरा ते वीस दिवस देऊन काम करून घ्या. चार दिवसांत देतो म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नका. दारं उतरवून, कडा रंगवून, थर वाळू देऊन चार दिवसांत स्कॉर्पिओ होत नाही.